पहिली मुलगी निगेटिव्ह निघाली, म्हणजे घराण्यातच संरक्षण आहे का? एचआयव्ही, अंगावरचं दूध आणि जनुकांचा वाटा

प्रश्न थोडक्यात असा. वहिनी सात महिन्यांच्या गरोदर आहेत, एचआयव्ही पॉझिटिव्ह आहेत, आणि चार वर्षांपासून एआरटीच्या (विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या) गोळ्या नियमित घेतात. पहिल्या मुलीच्या वेळी निदानच झालेलं नव्हतं. तिला दोन वर्षं अंगावर पाजलं, तरी ती निगेटिव्ह आहे. त्यावरून घरात समजूत झाली आहे की ‘आपल्या रक्तातच काहीतरी आहे’. एका खासगी लॅबने जनुकीय चाचणी सुचवली आहे. ती करून मग अंगावर पाजायचं की डब्याचं दूध द्यायचं हे ठरवावं का, असं तुम्ही नणंद म्हणून विचारलं आहे.

इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. दुधातून विषाणू बाळाच्या शरीरात रुजतो की नाही, यावर जनुकांचा परिणाम होतो का? होतो, आणि त्यावर चांगलं काम झालेलं आहे. त्या ज्ञानावरून एका विशिष्ट बाळाचं दूध ठरवता येतं का? नाही. या ‘होतो’ आणि ‘नाही’मध्ये विसंगती नाही. ती का नाही हे नीट समजलं, तर घरातल्या मंडळींना समजावणं तुम्हाला सोपं जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भाचीबद्दल. उपचार अजिबात नसतील तर गर्भारपण, बाळंतपण आणि स्तनपान हे सगळं धरून आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. त्यात स्तनपानाचा वाटा साधारण ५ ते २० टक्के. केनियातल्या नैरोबीत उपचारांच्या आधीच्या काळात झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, दोन वर्षांच्या वयाला अंगावर पाजायला सांगितलेल्या गटातल्या ३६.७ टक्के मुलांना लागण झाली होती आणि वरचं दूध द्यायला सांगितलेल्या गटातल्या २०.५ टक्के मुलांना. म्हणजे दुधामुळे वाढलेला धोका सुमारे १६ टक्के. आकडा भयंकर आहेच. पण तोच उलटा वाचा: काहीही उपचार नसताना, वर्ष-दोन वर्षं पाजूनही, शंभरातल्या साठाहून जास्त मुलांना लागण झाली नाही. तेव्हा तुमची भाची सुटली ती जास्त संख्येने सुटणाऱ्यांपैकी एक आहे. त्यासाठी खास जनुक असावंच लागतं असं नाही.

आणखी एक शक्यता तुमच्या घरात कुणी विचारात घेतलेली दिसत नाही. निदान चार वर्षांपूर्वी झालं, लागण कधी झाली ते कुणालाच माहीत नाही. ती मुलीचं दूध सुटल्यानंतर झाली असेल, तर मुलीसमोर विषाणू कधी आलाच नव्हता. अशा वेळी तिच्या निगेटिव्ह असण्यावरून काहीच निष्कर्ष निघत नाही. (पाजण्याच्या काळातच आईला नव्याने लागण झाली, तर धोका उलट जास्त असतो. जुन्या पाहण्यांत अशा मातांच्या बाळांना लागण होण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळलं आहे, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तात आणि दुधात विषाणू उसळलेला असतो.)

आता जनुकांकडे येऊ. बाळ पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी ७०० ते ८०० मिली दूध पितं, म्हणजे सहा महिन्यांत जवळपास १३० ते १४० लिटर. उपचार न घेणाऱ्या आईच्या दुधात विषाणू असतो, फक्त रक्ताच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतका. तो दोन रूपांत असतो: मोकळा, आणि आईच्या पांढऱ्या पेशींत दडलेला. एवढं दूध रोज पोटात जाऊनही बहुतेक बाळं कशी सुटतात, हा प्रश्न संशोधकांना पडला, आणि त्याची उत्तरं शोधताना तीन ठिकाणची जनुकं समोर आली: आईची, बाळाची आणि खुद्द विषाणूची.

लॅबवाले बहुधा ज्या चाचणीचं नाव घेत असतील ती सीसीआर५ची. विषाणूला पेशीत शिरायला पेशीवरच्या दोन कड्या धराव्या लागतात, सीडी४ आणि बहुतेक वेळा सीसीआर५. सीसीआर५च्या जनुकातली ३२ अक्षरं गळालेली असतील तर ती कडी पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही. आई आणि वडील दोघांकडून असं गळालेलं जनुक मिळालेली माणसं नेहमीच्या प्रकारच्या विषाणूला जवळजवळ दाद देत नाहीत. पण अशी माणसं उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांतही शंभरात एखादी. भारतात हा बदल फारच विरळ आहे. एकाच पालकाकडून मिळालेलं असेल तर कडी संख्येने कमी होते, नाहीशी होत नाही, आणि बाळांमध्ये त्याचा फायदा निरनिराळ्या अभ्यासांत निरनिराळा दिसला आहे. म्हणजे ही चाचणी केली तर अहवाल जवळजवळ नक्की ‘बदल आढळला नाही’ असाच येणार, हे आजच सांगता येतं. त्यातून मिळणार काय? फुकटची भीती.

माझ्या मते जास्त महत्त्वाची आणि कमी चर्चेत असलेली गोष्ट म्हणजे एचएलए. सहाव्या गुणसूत्रावर जनुकांचा एक गठ्ठा आहे. त्यातून तयार होणारी प्रथिनं पेशीच्या आत काय चाललं आहे त्याचे तुकडे बाहेर पृष्ठभागावर मांडतात, आणि शरीराच्या पहारेकरी पेशी ते तुकडे बघून ठरवतात की ही पेशी आपली, धडधाकट, की हिच्यात विषाणू शिरलाय, मारून टाका. आईच्या शरीरात वर्षानुवर्षं राहिलेला विषाणू आईच्या पहारेकऱ्यांना चुकवायला शिकलेला असतो. जे तुकडे पकडले जातात, ते तो बदलून टाकतो. आता बाळाला एचएलएचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. आईकडून आलेला संच जुळणं ठरलेलंच आहे. वडिलांकडून आलेला संच वेगळा असेल, तर विषाणूला बाळाच्या शरीरात अनोळखी पहारा लागतो. तोही योगायोगाने आईच्या दुसऱ्या संचाशी मिळताजुळता असेल, तर विषाणू ज्या घराच्या खाचाखोचा शिकून आला आहे तसंच घर त्याला पुन्हा मिळतं. शिवाय दुधातून येणाऱ्या आईच्या पेशी बाळाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्यांच्यावर हल्ला होत नाही, आणि त्यांच्यात लपलेला विषाणू सुखाने आत येतो.

आई-बाळाचं एचएलए जितकं जास्त जुळतं तितका धोका जास्त, हे नैरोबीतल्या मायलेकरांमध्ये १९९८ सालीच दाखवलं गेलं. पुढे २००६ मध्ये जमैकात हेच वेगळ्या विषाणूबाबत दिसलं: एचटीएलव्ही-१, जो मुख्यतः स्तनपानातूनच आईकडून मुलाकडे जातो. दोन वेगळे विषाणू, दोन वेगळे देश आणि निष्कर्ष एकाच दिशेचा, म्हणून यावर माझा भरवसा जास्त आहे.

आता हे तुमच्या घराला लावून बघा. भाचीला वडिलांकडून त्यांच्या दोन संचांपैकी एक मिळाला. येणाऱ्या बाळाला तोच मिळेल की दुसरा? निम्मी-निम्मी शक्यता, नाणं उडवावं तशी. आईच्या बाजूनेही तसंच. दोन सख्ख्या भावंडांचा एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि अजिबात न जुळण्याचीही चारात एक. त्यामुळे भाचीला खरोखरच जनुकीय संरक्षण मिळालेलं असेल असं क्षणभर धरून चाललो, तरी ते तिच्या पाठच्या भावंडाला वारशाने मिळेल याची हमी नाही. ‘घराण्यात आहे’ ही कल्पना इथे कोसळते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत काही समाजांत आहे. अशा जोडप्यांत नवरा-बायकोचेच एचएलए जुळण्याची शक्यता वाढते, आणि तर्काने बघितलं तर तिथे ‘घराण्यातलं रक्त’ संरक्षणाच्या नेमकं उलट दिशेला काम करू शकेल. हे कुणाच्या लग्नावर बोट ठेवण्यासाठी सांगत नाही. गोळ्या चालू असताना याचा व्यवहारात काही फरक पडत नाही. ‘आमच्या रक्तात आहे’ म्हणणाऱ्याला उत्तर म्हणून मात्र लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट दुधाच्या रचनेची. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर सर्वांत जास्त असणारा घन पदार्थ म्हणजे बाळाला पचवता न येणाऱ्या साखरांच्या छोट्या साखळ्या, लिटरला ५ ते १५ ग्रॅम. बाळाला पचतच नाहीत तर त्या असतात कशाला? आतड्यातले चांगले जिवाणू त्या खातात. शिवाय त्यांतल्या काहींचा आकार असा असतो की पेशीवरच्या ज्या आकड्याला धरून विषाणू आत ओढला जातो, त्या आकड्यालाच त्या चिकटून बसतात आणि विषाणूला जागा उरत नाही. कोणत्या साखळ्या किती बनणार हे आईच्या एफयूटी२ नावाच्या जनुकावर बरंच अवलंबून असतं. जगाच्या अनेक भागांत साधारण पाचातल्या एका बाईत हे जनुक निकामी असतं, आणि तिच्या दुधात यातल्या एका मुख्य गटाच्या साखळ्या जवळजवळ नसतात. झांबियातल्या लुसाका शहरात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले: ज्यांच्या दुधात एकूण साखळ्या जास्त, त्यांच्या बाळांना स्तनपानातून लागण कमी. पण एक विशिष्ट साखळी जास्त असेल तर उलटा कल दिसला. म्हणजे ‘साखळ्या जास्त तर चांगलं’ इतकं सरळ सूत्र नाही. शिवाय एफयूटी२ निकामी असलेल्या माणसांना नोरोव्हायरसच्या नेहमीच्या प्रकाराने होणारे जुलाब कमी होतात. एका विषाणूपुढे उणं ठरणारं जनुक दुसऱ्यापुढे ढाल होतं, म्हणून जनुकांना ‘चांगलं’, ‘वाईट’ असे शिक्के मारू नयेत.

बाकीची यादी भराभर सांगतो. एसडीएफ-१ नावाच्या जनुकातला एक बदल आईत असेल तर लागण जास्त, विशेषतः दुधातून, असं २००० साली केनियातल्या अभ्यासात दिसलं. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या २००७ मधल्या अभ्यासात सीसीएल३एल१ या जनुकाच्या जास्त प्रती असलेली बाळं कमी प्रमाणात बाधित झाली होती. एचटीएलव्ही-१बद्दल फ्रेंच गयानातल्या कुटुंबांच्या अभ्यासात, काही मुलांना आईच्या दुधातून लागण चटकन होण्यामागे सहाव्या गुणसूत्रावरचाच एक भाग असल्याची खूण सापडली. या सगळ्यात एक समान मर्यादा आहे: बाधित बाळांची संख्या थोडी, तपासलेली जनुकं आधीच संशयावरून निवडलेली, आणि एका लोकसमूहातला निष्कर्ष दुसऱ्यात टिकेलच असं नाही.

आता मुख्य हिशेब, आणि घरी हाच करून दाखवा. समजा एखादं जनुक धोका निम्म्यावर आणतं. जनुकाच्या बाबतीत हा मोठाच परिणाम म्हणायचा. उपचार नसताना दुधामुळे वाढणारा धोका १६ टक्के होता, तो ८ झाला. शंभरात आठ बाळं वाचली, ही मोठी गोष्ट आहे. पण आई गोळ्या नीट घेत असेल तेव्हा? प्रॉमिस नावाच्या मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतासह सात देशांतल्या माता होत्या, पाजण्याच्या काळात एकतर आईने गोळ्या घेतल्या किंवा बाळाला रोज औषध दिलं. दोन्ही गटांत दोन वर्षांपर्यंत दुधातून लागण झाली ती साधारण ०.६ टक्के बाळांना. तेच निम्मं करणारं जनुक इथे असेल, तर ०.६चे ०.३ होतील. म्हणजे हजारात तीन बाळांचा फरक. आणि ‘जनुक चांगलं निघालं’ म्हणून निर्धास्त होऊन गोळ्या सुटल्या, तर हजारातल्या सहाची संख्या काही दहांवर जाते. जनुकीय चाचणीचा सर्वांत चांगला निकाल सर्वांत धोक्याचा ठरू शकतो तो असा. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ती चाचणी करू नका. तेच पैसे एआरटी सेंटरला जाण्या-येण्याच्या भाड्यासाठी ठेवा.

मग निर्णय कशावर घ्यायचा? एका कागदावर: व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा अहवाल. आता सातवा महिना आहे, तर ३२ आठवडे झाल्यावर तो तपासून घ्या, म्हणजे बाळंतपणाआधी अहवाल हातात येईल. एक मिली रक्तात १००० प्रतींपेक्षा कमी असेल तर बाळ कमी जोखमीचं धरतात, आणि प्रयत्न ‘आढळत नाही’ इथपर्यंत नेण्याचा असतो. इथून पुढे मात्र बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. लोड जास्त आला तर आधी गोळ्या चुकतात का ते बघतात, मग औषध बदलायचं का ते ठरतं, आणि बाळाला जन्मापासून एकाऐवजी दोन औषधं द्यावी लागतात.

गोळ्या चुकत नसतानाही लोड वाढण्याचं एक कारण गरोदरपणात बऱ्याचदा सापडतं. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी एकत्र गोळी बहुतेकांना असते. यातलं डोल्युटेग्रॅव्हिर हे लोह आणि कॅल्शियमला पोटातच चिकटतं आणि रक्तात कमी पोहोचतं. गरोदर बाईला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर रोज असतातच. म्हणून एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. एकत्रच घ्यायची वेळ आली तर भरल्या पोटी, जेवणासोबत. अॅसिडिटीच्या पातळ औषधालाही हेच अंतर ठेवा, ते मात्र जेवणासोबतही एकत्र चालत नाही. सगळ्या गोळ्या एका डबीत ठेवून सकाळी रिकाम्या पोटी एकदम घेणं, ही चूक फार होते, आणि त्यात बाईची काहीच चूक नसते. तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

बाळ जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर त्याला लागण होऊ नये म्हणून नेव्हिरापिनचं पातळ औषध सुरू होतं. कमी जोखमीच्या बाळाला सहा आठवडे, जास्त जोखमीच्या आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला बारा. औषध १ मिलीत १० मिलिग्रॅम असं असतं. पहिले सहा आठवडे, जन्मताना अडीच किलो किंवा जास्त वजनाच्या बाळाला दिवसातून एकदा १.५ मिली, दोन ते अडीच किलोच्या बाळाला १ मिली. दोन किलोंच्या आतल्या बाळाचा डोस वजनावर काढतात. डॉक्टर लिहून देतील तोच द्यायचा. मी आकडे देतोय ते यासाठी की १५ मिलिग्रॅम आणि १.५ मिली यांत घरी गोंधळ होतो. चमच्याने मोजू नका, सुईशिवायची सिरिंज मागून घ्या आणि तिच्यावर नेलपॉलिशने रेघ ओढून ठेवा. बाळाने अर्ध्या तासाच्या आत ओकलं तर पुन्हा द्यायचं का, हेही आधीच विचारून ठेवा.

आता पाजण्याचं. पाजायचं ठरलं तर पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं. इथे आपल्या घरांतली खरी अडचण येते. मधाचं बोट, बाळगुटी, ग्राइप वॉटर, उन्हाळा आहे म्हणून दोन चमचे पाणी, आजीने प्रेमाने भरवलेलं गाईचं दूध: यातलं काहीही नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि लशी तेवढ्या चालतात. १९९९ मध्ये डर्बनमध्ये आणि २००५ मध्ये झिम्बाब्वेत दिसून आलं की पहिल्या महिन्यांत निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा अंगावरचं अधिक वरचं, असं मिश्र घेणाऱ्या बाळांना लागण लक्षणीय जास्त होते. बाळाच्या आतड्याचं अस्तर कोवळं असतं. परक्या पदार्थांनी आणि पाण्यातल्या जंतूंनी ते सुजतं, बारीक इजा होतात, आणि सुजेच्या जागी नेमक्या त्याच पेशी गोळा होतात ज्यांत हा विषाणू राहतो. आपण जणू त्याच्यासाठी दार उघडून आत पाहुण्यांची सोय करतो. चीक मात्र जरूर पाजा, पिळून टाकून देऊ नका.

छातीची काळजी हा या सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. बाळाने फक्त बोंडी तोंडात धरली तर चिरा पडतात. भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. दूध साठून छाती दगडासारखी झाली की सूज येते, पेशींमधले सांधे सैल होतात आणि त्या बाजूच्या दुधातला विषाणू वाढतो. बाहेरून लाली नसतानाही आत अशी सूज असू शकते. म्हणून एकही पाजणं लांबवू नका, आणि बाळ झोपलं तर हाताने दूध काढून मोकळं व्हा. एका बाजूला रक्त येणारी चीर, पू किंवा ताप आणणारी गाठ झाली, तर बरं होईपर्यंत त्या बाजूने पाजू नका. त्या बाजूचं दूध काढून टाका, दुसऱ्या बाजूने पाजत राहा, आणि लगेच दाखवा. दोन्ही बाजूंना त्रास असेल तर थोड्या दिवसांसाठी आफ्रिकेत वापरली जाणारी युक्ती उपयोगी आहे. स्वच्छ काचेच्या बरणीत ५० ते १५० मिली काढलेलं दूध घ्यायचं, बरणी झाकण न लावता पाण्याच्या पातेल्यात ठेवायची. पाण्याची पातळी दुधापेक्षा दोन बोटं वर असावी. मोठ्या आचेवर पाण्याला खळखळून उकळी फुटली की लगेच बरणी बाहेर काढायची, कोमट करून वाटी-चमच्याने पाजायचं. दूध सत्तर अंशांच्या पुढे जातं, मोकळा विषाणू मरतो, आणि पोषण बऱ्यापैकी टिकतं. दूध थेट आचेवर उकळू नका.

सहा महिन्यांनंतर भाताची पेज, वरण, नाचणीचं सत्त्व सुरू करून अंगावरचं दूध वर्षभर चालू ठेवता येतं, गोळ्या चालू असल्या तर पुढेही. तोडताना एकदम तोडू नका, महिनाभर हळूहळू कमी करा. एकदम तोडल्यावर साठलेल्या दुधात विषाणू वाढतो, हे लुसाकातच मोजून दाखवलं गेलं आहे. बाळाचं औषध कधी थांबवायचं आणि दूध कधी तोडायचं, या दोन तारखा एकत्र बसून ठरवा.

डब्याचं दूध चुकीचं नाही. धोका शून्यावर आणायचा असेल तर दुधापुरता तोच मार्ग आहे. पण त्याला अटी आहेत: दर वेळी उकळलेलं पाणी, बाटलीऐवजी वाटी-चमचा, आणि सहा महिने खंड न पडता पुरवठा. या सहा महिन्यांना सुमारे २० किलो पावडर लागते, म्हणजे अर्ध्या किलोचे ४० डबे. मधेच पैसे संपून पावडर पातळ करणं, किंवा सासरी शंका येईल म्हणून पाहुण्यांसमोर अंगावर घेणं, हे झालं की दोन्हीकडचे धोके एकदम पदरात पडतात. २००६ च्या सुरुवातीला बोत्स्वानात पुरानंतर पाणी दूषित झालं तेव्हा अंगावर न पिणारी बाळं जुलाबांनी मोठ्या संख्येने दगावली होती. सरकार तिथे पावडर फुकट देत होतं, तरीही. तुमच्या वहिनींच्या घरात काय शक्य आहे हे त्या आणि तुमचा भाऊच सांगू शकतील. ठरवायचं त्यांनी, दोन्ही बाजू ऐकून, बाळंतपणाच्या आधी. तुमच्यापैकी कुणी परदेशात राहत असेल आणि ‘इकडे तर पाजूच देत नाहीत’ म्हणत असेल, तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये, आईचा लोड दबलेला असेल आणि तिला पाजायचं असेल तर साथ द्यावी, अशी भूमिका घेतली आहे.

बाळाच्या तपासण्या चुकवू नका. सहाव्या आठवड्याला टाचेतून थेंब घेऊन कागदावर सुकवतात आणि विषाणूच शोधतात. मग सहा महिन्यांना आणि वर्षाला पुन्हा. नेहमीची अँटिबॉडी तपासणी १८ महिन्यांआधी पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका, आईच्याच अँटिबॉडी बाळात तेवढा काळ फिरत असतात. शेवटचा निकाल १८ महिन्यांना किंवा दूध सुटल्यावर ३ महिन्यांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हा.

आणि हाच नियम भाचीला लावा. तिची तपासणी नेमकी कधी झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही. दूध सुटल्यावर तीन महिन्यांनी किंवा त्यानंतर झाली असेल तर विषय संपला, तिला पुन्हा टोचू नका. त्याआधीच्या एखाद्या निगेटिव्ह कागदावर सगळे विसंबून असाल, तर वहिनींच्या पुढच्या खेपेला तिलाही सोबत न्या. साधी अँटिबॉडी तपासणी आहे, सरकारी तपासणी केंद्रात मोफत होते आणि निकाल त्याच दिवशी कळतो.